धाकट्याच्या पसंतीचं घर

२ फेब्रुवारी

घरमालक आज स्वतः वर आले. भाडं वाढवायचं असलं की ते चिठ्ठी पाठवतात. स्वतः आले म्हणजे मामला मोठा आहे हे मी त्यांचा खोकला जिन्यात ऐकूनच ओळखलं. खुर्चीच्या टोकावर बसले. चहा नको म्हणाले, मग घेतला, मग म्हणाले, "ताई, मुलाचं लग्न ठरलंय. मजला लागेल आम्हाला. मे अखेरपर्यंत बघा काहीतरी."

मी अभिनंदन केलं. दुसरं काय करणार? ते गेल्यावर एकच कप तीनदा विसळला. माझा धाकटा भाऊ शाळेत होता तेव्हापासून आम्ही या घरात आहोत. आई गेली, पाठोपाठ बाबा गेले, तेव्हा मी त्याला घेऊन इथे आले. आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस दिसायला लागले तरी मी त्याला धाकट्याच म्हणते. लिफ्ट दुरुस्त करतो तो. शहरात कुठे कोणी अडकलं की याचा फोन वाजतो.

संध्याकाळी त्याला सांगितलं. वाटलं, हादरेल. तो बूट काढता काढता म्हणाला, "मग आता घेऊनच टाकूया ताई. स्वतःचं. म्हणजे पुन्हा तुला कोणी ऊठ म्हणणार नाही."

मला काय वाटलं ते नीट लिहिता यायचं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती सांभाळल्या. खिळा ठोकायचा तरी विचारा, रंग लावायचा तरी विचारा. मला कोणाला न विचारता ठोकलेला एक खिळा हवा आहे, आणि त्या घरात संध्याकाळी धाकट्याच्या बुटांचा आवाज. यापुढे देवाकडे काही मागणं नाही.

११ फेब्रुवारी

दलाल भेटला. केस, बूट, बोलणं, सगळंच गुळगुळीत. धाकट्याने लगेच त्याचं नाव गुळगुळीत ठेवलं. आता समोर चुकून तोंडातून निघू नये म्हणजे मिळवली.

पहिलं घर एका छापखान्यासमोर. खोल्या लहान पण उजेडाच्या. मी स्वयंपाकघरात कपाट कुठे बसेल ते बघत होते, तेवढ्यात हा खाली रस्त्यावर जाऊन आला आणि म्हणाला, "छापखाना सहाला बंद होतो. त्यानंतर इथे चिटपाखरू नसतं. तू दवाखान्यातलं काम संपवून येतेस साडेसातला."

"मग काय वाघ खाणार आहे मला?"

घर नापास झालं. लहानपणी अंधारात माझा पदर धरून चालणारा हा मुलगा आता माझी काळजी करतो. गंमत वाटली आणि बरंही वाटलं.

१९ फेब्रुवारी

दुसरं घर पाचव्या मजल्यावर. हा माणूस घर बघायला येतो की लिफ्ट, देव जाणे. गुळगुळीत मला खिडकीतून दिसणारी टेकडी दाखवत होता आणि हा वर यंत्राच्या खोलीत. हात काळे करून खाली आला.

"ही अडकणार. आज ना उद्या. आणि अडकलीस तर हाक कोण ऐकेल? खालचे दोन मजले गोदाम आहे."

मी म्हटलं, "अडकले तर तू आहेस की बाहेर काढायला. घरातच वैद्य असल्यावर आजाराची काय भीती?"

गुळगुळीत मोठ्याने हसला. धाकटा मात्र हसला नाही. त्याच्या धंद्याची थट्टा केलेली त्याला चालते एरवी. दमला असेल.

२३ फेब्रुवारी

घर शोधण्याखेरीज लिहिण्यासारखं एवढंच, की या मुलाला व्यवहार कळत नाही. आमच्या खाली लॉन्ड्री आहे. बाई मेहनती आहे, सहा-सात वर्षांची मुलगी पदरात, नवरा कुठे आहे ते कोणी विचारत नाही आणि ती सांगत नाही. बोलते आमच्यासारखं, पण मधेच एखादा शब्द तिच्या मुलखाचा येतो. चांगलीच आहे. पण हा इस्त्रीला एकेक शर्ट नेतो! सोमवारी एक, मंगळवारी एक. मी म्हटलं, अरे, सगळे एकदम टाक, बाई काहीतरी कमी घेईल. तर म्हणे, "एकदम दिले की तिच्यावर ताण येतो."

आणि लिफ्टच्या खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाला कडक इस्त्री लागते कशाला, हा प्रश्न आहेच. वरून कामाचा डगला तर घालतो.

५ मार्च

आज भांडण झालं. बऱ्याच वर्षांनी.

उद्यानाजवळचं घर पाहिलं. इतकं सुंदर घर माझ्या नशिबात असेल असं वाटलं नव्हतं. सकाळचं ऊन थेट स्वयंपाकघरात, दोन खोल्या जवळजवळ सारख्या, मधे एक छोटा कोनाडा, तिथे माझं टेबल. किंमतही आवाक्यातली, कारण इमारत जुनी. मी मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून टाकले. धाकट्याचा चेहरा बघते तर उतरलेला.

"शेजार नाहीये ताई. शेजारच्या घराला कुलूप. मालक परदेशी असतो. खाली म्हातारं जोडपं, दोघंही कानाने अधू."

"अरे, मला बोलायला तू आहेस ना? मी काय शेजाऱ्यांशी संसार करणार आहे?"

"मी रात्रपाळीला असतो कधीकधी."

"आजवर नव्हतास?"

तो जिना उतरायला लागला. घरी येईपर्यंत मी बोलत राहिले. आईबाबा गेल्यापासून मी तुझ्यासाठी काय काय केलं, तिथपर्यंत पोहोचले. ते बोलायला नको होतं. त्याने शांतपणे हँगरवरचा एक शर्ट काढला आणि खाली इस्त्रीला गेला. शर्ट कालच इस्त्री करून आणलेला होता. रागात माणसाला भान राहत नाही.

७ मार्च

उद्यानाजवळचं घर दुसऱ्या कोणी घेतलं. गुळगुळीतने फोन करून सांगितलं. धाकट्याने माझ्यासाठी पेरू आणले. मी खाल्ले नाहीत. मग खाल्ले.

१२ मार्च

दवाखान्यात आज एक निवृत्त मास्तर आले होते. खालची कवळी सारखी टोचते म्हणून दुसऱ्यांदा माप घ्यायचं होतं. कवळ्या करण्यात माझा जन्म गेला, पण दर वेळी हीच तऱ्हा. मऊ मेण तोंडात ठेवून म्हणावं, "नेहमीसारखं चावा," की माणूस हमखास जबडा पुढे काढतो. आपल्याला बरं वाटावं, आपलं काम नीट व्हावं म्हणून मन लावून चावतो, आणि तिथेच माप चुकतं. म्हणून मी चावा असं म्हणतच नाही. त्यांच्याशी गप्पा मारते, नातवंडांचं विचारते, मग सहज सांगते, आवंढा गिळा. गिळताना जबडा आपोआप खरा बसतो. डॉक्टरीणबाई नव्या मुलींना हे शिकवायला मलाच पुढे करतात.

रात्री जेवताना धाकट्याला पुन्हा विचारलं, तुला नक्की कसलं घर हवंय, ते तरी सांग. म्हणाला, "तू म्हणशील तसं, ताई. तू खूश तर मी खूश." गुणी आहे. उगाच भांडले मी त्याच्याशी.

२२ मार्च

घर मिळालं!

पुलापलीकडे. आजवर मी त्या भागात फक्त बसमधून गेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिकडे? तिथे तर सगळं जग येऊन भरलंय." भरलंय म्हणूनच आम्हाला परवडतंय. खरंच भरलंय मात्र. इमारतीच्या दारावर जितक्या घंटा तितक्या लिप्या. त्यातल्या दोनच मला वाचता आल्या. खाली न्हावी, त्याच्या शेजारी चपला शिवणारा, पलीकडे चोवीस तास उघडं औषधाचं दुकान. जिन्यात कोणाचं तरी बाळ रडत होतं, कोणीतरी वाद्य शिकत होतं, आणि दोघांच्या चुका एकदमच होत होत्या.

घर तिसऱ्या मजल्यावर. खरं सांगायचं तर उद्यानाजवळच्या घराची सर नाही. स्वयंपाकघर अरुंद, नळ ठिबकणारा, एक खोली मोठी आणि एक अगदीच पेटीएवढी. मी धाकट्याकडे बघितलं, आता हा काय खोड काढतो म्हणून. तर हा घरात नाहीच! समोरच्या दारात उभा राहून गप्पा मारतोय.

समोर एक म्हातारी सुईण राहते. धंदा सोडलाय आता, पण उभं राहणं तेच, बाह्या वर सारून. ती दिवसभर दार उघडं ठेवते, मधे एक वीट लावून. तिची भाषा निराळी, आमची निराळी, मधे या शहराची मोडकीतोडकी. तेवढ्यावर हा अर्धा तास बोलला. दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं, दवाखान्याकडे जाणारी बस कुठे थांबते, जिन्यातले दिवे रात्रभर चालू असतात का. मग आत आला, एकदाही नळाकडे न बघता म्हणाला, "ताई, हेच घेऊया."

"अरे, घर तरी बघ."

"बघितलं की."

त्याच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू होतं. त्या हसण्यासाठी मी गोदामसुद्धा घेतलं असतं.

२३ मार्च

आमच्या घरात बाबांनी घातलेला एक नियम आहे. ज्याने वाटणी करायची त्याने शेवटी घ्यायचं. पेरू मी कापायचा तर आधी फोड उचलायची धाकट्याने. त्यामुळे दोघांचंही कापणं अगदी काटेकोर झालं. आजही भाकरी मोडताना हात आपोआप मधोमध जातो.

म्हणून आज मी म्हटलं, मी वाटते, तू निवड. मोठी खोली, पण रस्त्याचा आवाज. लहान खोली, शांत, पण तिथून मागचं अंगण दिसतं. लहान खोलीबद्दल मी बरंच चांगलं चांगलं बोलले, म्हणजे त्याने मोठी घेतली तरी मला वाईट वाटलंय असं त्याला वाटू नये.

तो म्हणाला, "लहान."

"नीट विचार कर. तुझी हत्यारं, तुझे शर्ट..."

"लहान पुरे मला. तू मोठीत राहा. दोन्हीकडे तुझंच सामान ठेव."

मला रडूच आलं. इतका त्याग करायची काय गरज होती? उद्या जाऊन मापं घेणार आहे. मधली भिंत लाकडाची आहे, वीतभर सरकवली तर त्याचा पलंग आणि कपाट दोन्ही बसेल. गपचूप करून घेईन. त्याला सांगितलं तर नको म्हणेल.

४ एप्रिल

बँकेत गेलो. माझं वय जास्त म्हणून कर्जाला धाकट्याची सही लागते. त्याने सगळीकडे न वाचता सह्या केल्या. समोरचा अधिकारी तरुण, नम्र, विचारतो, "तिथे दोघंही राहणार ना?" धाकट्याला नेमका तेव्हाच ठसका लागला. मी म्हटलं, "मग काय एक जण पुलावर राहणार?"

१८ एप्रिल

सुतार उशिरा येणार होता, म्हणून मी एकटीच नव्या घरात मापं घेत होते. सुईणबाई चहा घेऊन आल्या. एकच कप. मला म्हणाल्या, "बस, मी उभी राहते, मला उभं राहायची सवय." मी भिंतीचं सांगितलं. भावाला पलंगाला जागा हवी म्हणून.

त्यांना आधी कळलं नाही. मी पुन्हा हातांनी दाखवलं. त्या म्हणाल्या, "पण भाऊ तर येऊन जाऊन असणार. तू एकटी राहणार ना?"

मी म्हटलं, "कोण म्हणालं?"

"तोच. तीनदा आला तो. एकदा तर सकाळी सकाळी. तो तुझ्या खोलीत उभा राहिला आणि मला माझ्या खोलीत उभं केलं. मग हाक मारून बघितली. म्हणाला, बहीण रात्री हाक मारेल तर ऐकू येईल का? मी म्हटलं, माझी झोप बाळंतिणीच्या हाकेवर घडलेली आहे. मग हसला. किल्ली पण देतो म्हणाला, एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे. चांगला भाऊ आहे. तो लग्न करून तिकडेच राहणार ना, इस्त्रीच्या दुकानाकडे? मुलगी गोड आहे, फोटो दाखवला त्याने."

मी म्हटलं, "हो. एकटीच राहणार आहे मी."

हे मी अगदी सहज म्हटलं. कप परत दिला, आभार मानले. सुतार आला तेव्हा त्याला सांगितलं, भिंत राहू दे आहे तशी.

बस न पकडता पूल चालत ओलांडला. सगळ्या घरांचे सगळे दोष एकेक करून आठवत होते. सहानंतरचं चिटपाखरू. अडकलीस तर कोण ऐकेल. शेजार नाहीये ताई. मला वाटत होतं हा खोड काढतोय. तो मन लावून एकट्या बाईसाठी घर शोधत होता आणि मी दोघांसाठी.

घरी पोहोचले तेव्हा लॉन्ड्रीत दिवा होता. काचेतून आत दिसत होतं. धाकटा एका बुटक्या स्टुलावर बसून मुलीची पेन्सिल तासत होता. ती बाई त्याच्याकडे पाठ करून इस्त्री करत होती आणि मधेमधे काहीतरी बोलत होती, त्याच्याकडे न बघता, जसं घरातल्या माणसाशी बोलतात. त्याच्या पायात नुसते मोजे होते. बूट दाराशी काढून ठेवलेले.

मी वर आले. थोड्या वेळाने तो आला, बूट घालून, हातात शर्ट.

"झाली इस्त्री?" मी विचारलं.

"झाली," तो म्हणाला.

१९ एप्रिल

राग येतोय. त्या बाईचा नाही, तिचा का यावा? त्याने मला सांगितलं नाही याचा. शेजारणीला सांगितलं, फोटो दाखवला, आणि मला एकेक शर्ट दाखवत राहिला. मी काय राक्षसीण आहे?

आणि मी काय आंधळी होते? एवढी कडक इस्त्री रोज डोळ्यांसमोर टांगलेली होती.

२१ एप्रिल

दवाखान्यात एका बाईच्या कवळीचे समोरचे दात उलटे बसवले. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि परत माझ्यापुढे ठेवले. पुन्हा केले.

आज मनात आलेला विचार लिहून ठेवते, मग तो कितीही वाईट असो. मला काही कळलंय हे त्याला ठाऊक नाही. मी फक्त एवढंच म्हणायचं, "मला नव्या घरात भीती वाटते." एवढं एक वाक्य. तो जाणार नाही. जन्मात जाणार नाही. त्याला मी ओळखते.

२४ एप्रिल

म्हटलं मी ते वाक्य.

जेवण झालं होतं. तो ताटं उचलत होता. तोंडातून निघूनच गेलं. "धाकट्या, मला भीती वाटते रे त्या घराची."

तो ताटं हातात धरून उभा राहिला. आणि म्हणाला, "मी आहे ना ताई. मी कुठे जातोय?"

म्हणजे मला हवं ते मिळालं. एका क्षणात मिळालं. पण त्याचा चेहरा मला बघवेना. बाबा गेले त्या दिवशी मी त्याला सांगितलं होतं की आता शाळेच्या सहलीला जाता येणार नाही. तेव्हा तो असंच म्हणाला होता, बरं ताई, चालेल. चेहरा हाच.

मग तो खाली गेला. शर्ट न घेता. लगेच परत आला.

२६ एप्रिल

आज मी लॉन्ड्रीत गेले. इतक्या वर्षांत मी तिथे कधी बसले नव्हते. माझे कपडे मी घरीच धुते. एक चादर बरोबर नेली, काहीतरी कारण हवं म्हणून. धाकट्याला हसत होते आणि मी पण तेच केलं.

तिचे डोळे सुजलेले होते. चादर घेतली, वळवून बघितली, म्हणाली, "ही तर स्वच्छ आहे, ताई."

"माहितेय मला."

मी त्या बुटक्या स्टुलावर बसले. इस्त्रीची वाफ येत होती. मुलगी शाळेत गेली होती, तिची वही काउंटरवर होती. शेवटी मीच विचारलं, "किती दिवस?"

"चार वर्षं."

"चार वर्षं आणि मला एका शब्दाने..."

"मी म्हटलं होतं त्यांना, सांगा. ते म्हणायचे, ताईने माझ्यासाठी स्वतःचं काही केलं नाही. आधी तिचं घर लागू दे. ती नीट बसली की सांगतो. मी म्हटलं, बरं, थांबते." तिने चादर घडी घालून पुन्हा उलगडली. "परवा आले आणि म्हणाले, आता नाही जमणार. ताईला भीती वाटते. माझं त्यांच्यावर काही म्हणणं नाही, ताई. तुमच्यावरही नाही. फक्त मुलीला कसं सांगायचं ते कळत नाहीये."

एखादी दुसरी असती तर भांडली असती. मला तेच हवं होतं कदाचित. भांडण झालं असतं तर मी जिंकले असते. भांडायला कोणी नव्हतंच समोर. एक दमलेली बाई होती आणि माझी स्वच्छ चादर.

मी म्हटलं, "तुझ्याकडे कपाट केवढं आहे?"

"कपाट?"

"मोठं घे. त्याच्याकडे शर्ट फार आहेत."

तिला समजायला वेळ लागला. मग तिने तोंडावर हात धरला. मी उठले. मला तिला जवळ घ्यायला हवं होतं, पण नाही जमलं मला आज. पुढच्या वेळी जमेल.

२७ एप्रिल

त्याला सकाळीच सांगितलं, कारण संध्याकाळपर्यंत माझा निश्चय टिकेल याची मला खात्री नव्हती.

"ती लहान खोली मला हवी आहे. सुट्टीच्या दिवशी कवळ्यांचं काम घरी आणीन म्हणते. तुला तिथे जागा नाही."

"ताई..."

"तुझं घर खाली आहे. दोन वर्षं असेल, दहा वर्षं असेल, पुढे ज्या घरात त्या दोघी राहतील ते तुझं."

"तुला भीती वाटते म्हणालीस."

"वाटते. वाटू दे. ती सुईणबाई आहे ना, हाक मारून बघितलीस तू."

तो खुर्चीत बसला आणि हमसून हमसून रडला. एवढा मोठा माणूस, कामाचा डगला घालून. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मला रडू आलं नाही. मला एवढंच वाटत होतं की हे केस असे हाताखाली पुन्हा कधी येतील.

कामाला उशीर झाला त्याला. शहरात कोणीतरी अडकून बसलं असेल तोवर.

३१ मे

आज सामान आणलं. धाकट्याने आणि सुताराने मिळून जड वस्तू वर चढवल्या. लॉन्ड्रीवालीने माझे पडदे धुऊन, इस्त्री करून आणले होते आणि स्वतः स्टुलावर चढून लावले. मुलगी खोल्यांतून पळत होती. मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि विचारलं, "मी तुम्हाला काय म्हणू?"

मी धाकट्याकडे बघितलं. तो खाली बसून नळाची गळती काढत होता. मान वर न करता म्हणाला, "आत्या म्हण."

"आत्या, तुमच्या घरात आवाज घुमतो," ती म्हणाली. सामान लागलं की घुमणार नाही, असं मी तिला सांगितलं.

संध्याकाळी ते तिघं निघाले. धाकटा दारात घुटमळला. किल्ली सुईणबाईंना दिली का, औषधाच्या दुकानाचा नंबर लिहिला का, नळ आता ठिबकत नाही, ठिबकला तर सांग. मी म्हटलं, जा आता, पोरीला झोप आलीये. तिघांची पावलं जिन्यात उतरत गेली. सगळ्यात पुढे उड्या मारणारी, मग तिची, मग त्याचे बूट. खालचं दार लागल्यावरसुद्धा मी उभीच होते.

इतकी वर्षं मला वाटत होतं मला घर हवंय. मला तो हवा होता. घर मिळालं.

आत येऊन दाराला कडी लावली आणि हात तसाच कडीवर राहिला. जुन्या घरात मी कधीच आतून कडी लावली नव्हती. तो कामावरून केव्हा येईल याचा नेम नसायचा, आणि मला झोप लागलेली असायची. आता कोणी यायचं राहिलेलं नाही. चोराचिलटाची भीती आहे, कुलूप आपोआप लागतं हे खरं, पण शहाणी बाई कडी लावूनच झोपेल.

एवढं लिहिलं आणि उठून कडी काढून आले.